चारदा दुरुस्त झालेली वस्तू नवी कशी?

शिरूरला आमच्या परिचयाच्या एक भगिनी घरी पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवण्याचे काम करतात. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी मोटरवर चालणारे नवे मशीन घेतले. किंमत तीस हजारांच्या आसपास. रोख पैसे नव्हते म्हणून दुकानातच बसलेल्या फायनान्सवाल्या मुलाकडून हप्ते बांधून घेतले. हप्ते बिनव्याजी असल्याचे सांगितले गेले; प्रोसेसिंग फी म्हणून काही रक्कम कापली गेल्याचे नंतर कळले. तो विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

तीन आठवड्यांत टाका सुटू लागला. दुकानदाराने मेकॅनिक पाठवला, त्याने टायमिंग बसवून दिले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी हुक बदलला. मग मोटर तापू लागली, ती बदलली. चौथ्या वेळी मशीन उचलून दुकानात नेले आणि ते सोळा दिवस तिथेच पडून राहिले, कारण 'पार्ट पुण्याहून यायचा होता'. लग्नाचे कपडे घेऊन आलेली गिऱ्हाइके तोपर्यंत दुसरीकडे गेली. भगिनी दुकानात विचारायला गेल्या तर उत्तर मिळाले, "भाभी, आम्ही विकणारे, बनवणारे नाही. कंपनी जाणे आणि तुम्ही जाणा." हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून बिनचूक जातो. मशीन थांबते, हप्ता थांबत नाही.

आम्ही त्यांच्याकडे कागद मागितले. बिल होते, वॉरंटी कार्डही होते. चार दुरुस्त्यांचा मात्र एकही कागद नव्हता. मेकॅनिक आला, गेला, चहा पिऊन गेला. काय बिघडले आणि काय बदलले ते कुणी कुठे लिहिले नाही. कागदोपत्री हे मशीन आजही कोरे करकरीत आहे, एकदाही न बिघडलेले. आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

आपल्या तालुक्यांत ही अडचण जरा जास्तच जाणवते. शिरूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटारी तयार होतात आणि देशभर जातात. (त्या कारखान्यांचा वरील गोष्टीशी काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे.) तरी शिरूरच्या माणसाला साध्या सुट्या भागासाठी नगर रस्त्याने पुणे गाठावे लागते आणि दौंडच्या माणसाला रेल्वेने. अधिकृत सर्व्हिस सेंटर शहरात, मेकॅनिक आठवड्यातून एकदा तालुक्यात, तोही चार कंपन्यांची कामे एकत्र घेऊन. त्यात विजेचा दाब कमीजास्त होतो, आणि कंपनीच्या माणसाला तेवढेच निमित्त पुरते. "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य शिरूर, न्हावरा, चौफुला, दौंड या साऱ्या रस्त्यावर आम्ही ऐकले आहे. कधी ते खरेही असते. पण ते खरे असेल तर मेकॅनिकने मीटर लावून मोजावे आणि आकडा कार्डावर लिहून द्यावा. तोंडी सांगितलेले व्होल्टेज हा पुरावा होत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याआधी बारा वर्षे, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. म्हणजे ही चळवळ आपल्याच जिल्ह्यातली आहे. जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. वस्तूच्या दर्जात, प्रमाणात, शुद्धतेत किंवा विकणाऱ्याने जे सांगून विकले त्यात काहीही उणीव असली तर या कायद्याने तो दोष ठरतो. दोष सिद्ध झाला तर आयोग चार प्रकारचे आदेश देऊ शकतो: दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, घेतलेली किंमत व्याजासह परत करा, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या. यातले एकाहून अधिक आदेश एकत्रही देता येतात.

इथे गोम आहे. दोष दूर करण्याची संधी किती वेळा द्यायची हे कायद्यात लिहिलेले नाही. एकदा, तीनदा की दहादा? याचा फायदा विकणारा घेतो. प्रत्येक वेळी तो म्हणतो की आम्ही दुरुस्त करून देतोच आहोत, मग तक्रार कसली? वॉरंटीची मुदत अशा दुरुस्त्यांतच संपते आणि पाचव्या खेपेला ग्राहकाच्या हातात खर्चाचे अंदाजपत्रक येते.

दुसऱ्या देशांनी हा आकडा बांधून दिला आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये मोटारींसाठी असा कायदा केला आणि नंतर इतर राज्यांनी तो उचलला. सर्वसाधारण नियम असा की तोच बिघाड चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर ती सदोष समजावी आणि कंपनीने बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. अशा गाडीला तिकडे 'लेमन' म्हणतात, म्हणजे लिंबू. आपल्या बाजारात नजर लागू नये म्हणून दारावर लिंबू टांगतात. तिकडे फसलेल्या सौद्याचे नाव लिंबू आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने ग्राहकाला पहिल्या तीस दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे घेता येतात. त्यानंतर विकणाऱ्याला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते. तीही फसली तर ग्राहकाला वस्तू नाकारता येते. एक संधी, चार नव्हे.

आपल्याकडे याबाबत न्यायालयांचे निकाल आहेत, पण ते प्रकरणागणिक बदलतात. मोटारींच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे म्हटले की वॉरंटीत भाग बदलून देण्याचे वचन असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. २०१० मधल्या दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की स्वतंत्र तज्ज्ञाने मूळ उत्पादनातच दोष असल्याचे मत दिले तर किंमत व्याजासह परत करावी. आणि २००४ मध्ये, मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या डिझेल मोटारीच्या प्रकरणात, सदोष गाडी कोरी म्हणून विकणे लाजिरवाणे आहे, अशा कडक शब्दांत न्यायालयाने कंपनीला सुनावले. दोष कबूल न करता लढत राहिल्याबद्दल खेदही व्यक्त केला. हे तिन्ही निकाल एकत्र वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी कितीदा बिघडली यापेक्षा 'दोष मुळातच होता' हे कोण आणि कसे सिद्ध करतो, यावर सारे ठरते. मोटारीसाठी तज्ज्ञ मिळतो. शिरूरच्या पिको मशीनसाठी कोण तज्ज्ञ आणायचा?

आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो, आणि प्रयोगशाळेने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा असे कायद्यात आहे. फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. पण फ्रिज, मशीन, पंप यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका पुरावा कंपनीच्याच मेकॅनिकने भरलेले जॉब कार्ड हा असतो. एकाच बिघाडाची चार कार्डे, चारांवर तारखा आणि सही. ती समोर ठेवली की वस्तू दुरुस्तीने नीट झाली नाही हे कंपनीच्याच हस्ताक्षरात सिद्ध होते. म्हणून कार्ड मागितल्याशिवाय मेकॅनिकला दाराबाहेर जाऊ देऊ नये. कार्ड देत नसेल तर त्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर लिहावे: आज अमुक तारखेला मेकॅनिक आला, अमुक बिघाड होता, अमुक भाग बदलला. त्याने उत्तर दिले नाही तरी चालते. संदेश पोचल्याची खूण पुरेशी असते.

आता दौंडची गोष्ट. ती व्यापारी वाचकांनी नीट वाचावी.

दौंड स्टेशनच्या परिसरात एक गृहस्थ लस्सी, दही आणि कुल्फी विकतात. दुकान त्यांचे, हात त्यांचे, मदतीला मुलगा. त्यांनी डीप फ्रीझर घेतला. उन्हाळ्यात दोनदा त्याचा कॉम्प्रेसर बसला आणि दोन्ही वेळा सारा माल नासला. त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. कंपनीचे लेखी उत्तर आले की आपण फ्रीझर व्यापारासाठी घेतला, म्हणून आपण ग्राहकच नाही. गृहस्थ ते वाचून गप्प बसले. आपण धंदा करतो, मग आपल्याला कुठला ग्राहक हक्क, असे त्यांना वाटले. आपल्या समाजातले किती तरी लोक अशाच छोट्या धंद्यांत आहेत: शिलाई, वेल्डिंग, बेकरी, गॅरेज, रिक्षा, फळांची गाडी, मटणाचे दुकान. या सर्वांना हेच उत्तर दिले जाते आणि सर्वांचाच त्यावर विश्वास बसतो.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. नफ्याच्या व्यापारासाठी वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक नाही, हे खरे. पण स्वतःच्या हाताने काम करून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. १९९३ मध्ये ही तरतूद आली आणि २०१९ च्या कायद्यात ती कायम आहे. तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९५ मध्ये ज्या प्रकरणात लावला ते महाराष्ट्रातलेच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या कारखान्याने कोइमतूरच्या पीएसजी संस्थेकडून संगणकावर चालणारे मोठे यंत्र घेतले. यंत्र उशिरा आले आणि सदोष निघाले, अशी तक्रार होती. महाराष्ट्र राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली, राष्ट्रीय आयोगाने ती फिरवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही कारखाना ग्राहक नाही असेच म्हटले. लाखो रुपयांचे यंत्र लावून चालवलेला कारखाना म्हणजे स्वयंरोजगार नव्हे, हे त्यामागचे कारण. कारखानदार हरला. पण त्याच निकालात न्यायालयाने ज्यांना ग्राहक म्हटले ती उदाहरणे वाचा: स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा, स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा, स्वतः काम करण्यासाठी लेथ मशीन घेणारा. घरच्या माणसाची किंवा एखाद्या मदतनिसाची मदत घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असेही नाही. दौंडचे आमचे गृहस्थ आणि शिरूरच्या भगिनी या उदाहरणांत चपखल बसतात.

त्यात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट साफ केली: वस्तू किंवा सेवा व्यापारी हेतूने घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. कंपनीने नुसते लिहून पाठवले म्हणून कोणी ग्राहकपण गमावत नाही. शेतकऱ्यांनाही असेच अडवले जात होते. बियाणे उगवले नाही तर बियाणे कायद्याकडे जा, ग्राहक न्यायालयात नको, असे सांगितले जाई. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला.

तक्रार कुठे करायची याबद्दलही गैरसमज फार आहेत. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, शिरूरच्या माणसाला पुण्यापलीकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील सक्तीचा नाही. जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार भरता येते आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही करता येतो. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय राहत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती शेवटच्या दुरुस्तीपासून मोजतील या भरवशावर कुणी राहू नये, कारण इथेच पुष्कळांची तक्रार बुडते. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतो हे पुण्याला फेऱ्या मारलेल्यांना विचारावे. आमचे स्पष्ट मत आहे की आयोगाने वर्षातून काही दिवस शिरूर, दौंड, बारामती, जुन्नर अशा ठिकाणी बैठका घ्याव्यात. एका तारखेसाठी पोटाचा धंदा एक दिवस बंद ठेवावा लागत असेल तर हक्क महाग पडतो.

हप्त्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. वस्तू बिघडली म्हणून रागाने हप्ता थांबवू नये. कर्ज देणारा आणि वस्तू विकणारा वेगळे असतात. हप्ता चुकला की दंड लागतो, कर्जाची नोंद खराब होते आणि उद्या दुसरे कर्ज मिळत नाही. हप्ता भरत राहावा आणि भरलेली रक्कम तक्रारीत मागावी.

आता दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. हे पान वाचणारे बरेच जण गल्ल्याच्या पलीकडेही बसतात. बिल न देणे हा २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापार ठरतो. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हाही अनुचित व्यापारच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीच्या आडोशाला बसून आता सुटका नाही. त्याही आधीपासून, १९३० च्या माल विक्री कायद्याने, विकलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे ही अट विकणाऱ्यावर आहेच. आणि आपल्या फिकहच्या ग्रंथांत 'खियारे ऐब' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे: विक्रीच्या वेळी असलेला आणि लपून राहिलेला दोष नंतर कळला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा अधिकार राहतो. जुम्म्याच्या बयानात आपण हे ऐकतो आणि सोमवारी दुकानात विसरतो.

दुकानदाराची बाजूही आम्हाला ठाऊक आहे. त्याचा नफा थोडा असतो, ऑनलाइन विक्रीने तो आणखी घटला आहे. परत आलेल्या मालाचे पैसे कंपनी महिनोन् महिने वळते करून देत नाही. कंपनीचा सेल्समन टार्गेट देतो, सर्व्हिसचे नाव काढत नाही. त्यामुळे 'कंपनी जाणे' हे वाक्य त्याच्या तोंडून निघते. पण ग्राहकाने कंपनीचे तोंड पाहिलेले नसते, त्याने पैसे दुकानात मोजलेले असतात. दुकानदाराने ग्राहकाच्या लेखी तक्रारीवर आपला शिक्का मारून एक प्रत त्याला आणि एक कंपनीला पाठवली तर त्याचे स्वतःचेच संरक्षण होते. आयोगापुढे त्याला सांगता येते की मी माझे काम केले. शिक्का मारायला तो घाबरतो, हीच त्याची चूक होते.

शिरूरच्या भगिनींच्या बाबतीत आम्ही मागचे संदेश, कॉलच्या नोंदी आणि दोन गिऱ्हाइकांच्या ऑर्डर रद्द झाल्याचे मेसेज गोळा केले. शेजारच्या शिक्षकाने दुकानदार आणि कंपनी या दोघांच्या नावे मराठीत पत्र लिहून दिले: चारही बिघाडांच्या तारखा, मशीन दुकानात पडून राहिल्याचे दिवस, आणि मागणी एकच, की पंधरा दिवसांत मशीन बदलून द्या किंवा पैसे परत करा. दुकानदाराचा फोन आला, की "भाभी, पत्र कशाला, आपण बसून बोलू, कंपनी अजून एकदा नीट करून देते म्हणते, वर सहा महिन्यांची जादा वॉरंटी." त्यांनी पाचवी दुरुस्ती नाकारली आणि जे काही बोलायचे ते लिहून द्या म्हणून सांगितले. पत्र स्पीड पोस्टाने गेले आहे, पोचपावती त्यांच्या बिलाला टाचलेली आहे. पंधरा दिवसांतले नऊ दिवस झाले. अजून सात हप्ते बाकी आहेत.